मराठवाड्याच्या आठ खासदारांना खुलं पत्र: बेटांची परिषद आपल्याकडे बोलवा

प्रति,
मराठवाड्यातले आठही लोकसभा सदस्य,

सप्रेम नमस्कार.

निवेदनं शेवटपर्यंत वाचायला आपल्याला सवड नसते, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. भारताने हिंदी महासागरातल्या शेजारी बेटांच्या देशांना, म्हणजे मालदीव, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स आणि कोमोरोस यांना सोबत घेऊन एक हवामान परिषद भरवावी. यजमानपद एकट्या भारताचं नको, सगळ्यांचं असावं. आणि ती मुंबई-गोव्याला न होता छत्रपती संभाजीनगरला व्हावी, तिच्यातला निदान एक दिवस लातूर-धाराशिवकडे जावा. हे दिल्लीत आपण आठांनी मिळून लावून धरायचं आहे. आपले पक्ष वेगळे आहेत, मान्य. टँकर मात्र आठही मतदारसंघांत फिरतात.

समुद्र कुठे आणि आपण कुठे, असं आपल्यापैकी कुणी म्हणालं तर मला राग येणार नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, वर्गातली पोरंही हेच विचारायची. त्यांना जे सांगत होतो तेच आपल्याला सांगतो. आपण ज्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, बोअर मारतो आणि ज्यात वेरूळची लेणी कोरली गेली, तो साडेसहा कोटी वर्षांहून आधी वर आलेल्या लाव्ह्याचा आहे. भूशास्त्रज्ञांच्या मते त्या लाव्ह्याचा उगम आज मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, उगम जागेवर राहिला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग तयार झाली. नंतर मॉरिशस, सर्वांत शेवटी रियुनियन. मालदीवच्या पांढऱ्या प्रवाळाखाली खोलवर जो खडक आहे, तो आपल्या बेसाल्टचा धाकटा भाऊ आहे.

ही झाली जुनी सोयरीक. आजची त्याहून जवळची आहे. आपल्याकडे जूनमध्ये ज्या वाऱ्याची वाट पाहतात, तो निघतो दक्षिण गोलार्धातून. मॉरिशस आणि रियुनियन ज्या मस्कारीन बेटांपैकी आहेत, त्यांच्या आसपास आणि दक्षिणेला त्या दिवसांत हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा असतो. तिथून सुटलेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, सोमालियासमोर जोर धरतात, अरबी समुद्रावरची वाफ उचलतात आणि सह्याद्रीवर येऊन आदळतात. कोकण-घाट भिजवून जे उरेल ते आपलं. त्या दाबात, त्या पाण्याच्या तापमानात थोडा फरक पडला तरी बीडच्या पेरणीचं गणित बदलतं. हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा जास्त तापली की आपल्या मोसमी पावसाला सहसा बळ मिळतं. २०१९ साली हा फरक फार मोठा होता आणि देशात पाऊस सरासरीच्या वर गेला. सोयाबीनवाल्याने दर शनिवारी मारुतीला नारळ फोडावा, माझी हरकत नाही; पण त्याच्या पिकाचा निकाल ज्या पाण्यावर ठरतो त्यातलं बरंचसं पाणी सेशेल्स आणि मॉरिशसच्या हद्दीत आहे, हेही त्याला माहीत असलेलं बरं.

हद्द म्हणजे किती? सेशेल्सची लोकसंख्या लाख-सव्वा लाखाच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पण त्या देशाचं सागरी क्षेत्र तेरा लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे, महाराष्ट्राच्या चौपट. त्या पाण्यात तापमान, खारटपणा, वारे मोजणारे तरंगते बोये ठेवायचे, त्यांची देखभाल करायची, माहिती रोज हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडे आणि हवामान खात्याकडे यायची, तर या देशांचा विश्वास लागतो. हे बोये मासेमारीच्या जाळ्यांत सापडतात, कुणी त्यांची मोडतोड करतं, दुरुस्तीला जहाज न्यावं लागतं. हे काम फोटो काढण्यासारखं नाही, म्हणून मागे पडतं. एकत्र परिषदेचा पहिला ठोस फायदा मला इथे दिसतो: हिंदी महासागराचं निरीक्षण हा सामायिक कारभार व्हावा आणि त्याला कायमचा पैसा मिळावा. (आपल्याला ढग-पाऊस टिपणारं डॉप्लर रडार हवं, ही मागणी आपण कितीदा केली ते आपल्यालाच माहीत. ती सोडू नका. पण रडार चार तास आधी सांगेल, समुद्र चार आठवडे आधी.)

आता पाण्याकडे येतो. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेमध्ये खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखाहून अधिक माणसांच्या नळांना पाणी येईनासं झालं. चहूकडे समुद्र आणि प्यायला थेंब नाही. भारताने ‘ऑपरेशन नीर’ काढून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं. त्यानंतर दीड वर्षही झालं नव्हतं, तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी. त्याच्या महिनाभर आधी लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली गेली होती. माले आणि लातूर, दोन्ही गावांना बाहेरून पाणी आणून जगवावं लागलं. जगात अशी शहरं फार नाहीत. पण या दोन शहरांचे पाणीपुरवठा अभियंते कधी एका टेबलाशी बसल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बसले तर बोलायला खूप आहे. प्रवाळ बेटावर पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगत राहतं. उपसा जास्त झाला की खारं पाणी वर येतं आणि विहीर वाया जाते. २००४ च्या सुनामीत समुद्र आत घुसल्याने तिथल्या कितीतरी विहिरी खारट झाल्या. म्हणून बेटावरचा माणूस छपराचं पाणी टाकीत धरतो आणि जमिनीखालचं पाणी भीत-भीत काढतो. आपल्याकडे बेसाल्टच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. तेही आपण सातशे-आठशे फुटांवरून खेचतो, शेवटी नुसता फुफाटा येतो, आणि शेजारी दुसरा बोअर घेतो. साठा दोघांचाही लहान, दोघांचीही भिस्त दरवर्षीच्या पावसावर. फरक इतकाच की चूक झाली तर त्यांना महिन्याभरात कळतं, आपल्याला दहा वर्षांनी. आपल्याकडे त्यांना दाखवण्यासारखंही आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या केल्या. संभाजीनगरला पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देणारी वाल्मी संस्था आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. जागतिक बँकेच्या पैशातून पोकरा ही बदलत्या हवामानात टिकणाऱ्या शेतीची योजना आठही जिल्ह्यांतल्या गावांत राबवली गेली. ती कुठे फळली आणि कुठे नुसती कागदावर राहिली, हे पाहुण्यांना खरंखरं सांगायचं. सजवलेली गावं दाखवायची नाहीत.

बेटं बुडणार, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मालदीवची ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाही. २००९ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी, मोहम्मद नशीद यांनी, पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली तेव्हा ते चित्र जगभर छापलं गेलं. आपलं दुःख असं एका चित्रात मावत नाही. जूनमध्ये पेरलेलं जळतं आणि सप्टेंबरात उभं पीक वाहून जातं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूममध्ये माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली; सीना काठची काळी माती खरवडून गेली, खाली मुरूम उरला. जमीन समुद्रात गेली काय आणि नदीत गेली काय, सातबाऱ्यावर नाव तेवढं उरतं. त्यानंतर दोन महिन्यांनी दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो बळी घेतले आणि भारताला ‘ऑपरेशन सागर बंधू’ काढावं लागलं.

हे दुःख एका यादीत याआधीच बसलेलं आहे. २०१० साली मेक्सिकोतल्या कानकूनला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत हळूहळू येणाऱ्या आपत्तींची जी यादी मंजूर झाली, तिच्यात समुद्रपातळी वाढणं आणि जमिनीचं वाळवंटीकरण ही दोन्ही नावं एकाच वाक्यात आहेत. पहिल्याची बाजू मांडायला बेटं आहेत. दुसऱ्याची बाजू मांडायला मराठवाड्यातून कुणी गेलं आहे का? हवामान बदलाने पोळलेल्या देशांना मदत करणाऱ्या ‘हानी आणि नुकसान’ निधीचं मूळ पाहा. १९९१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वानुआटू या देशाने छोट्या बेटांच्या वतीने हा विषय पहिल्यांदा मांडला. नांदेड शहरापेक्षा कमी वस्तीचा देश! त्यांनी तो तीस वर्षं सोडला नाही. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत निधी मान्य झाला, २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला. त्याच वानुआटूच्या पुढाकारामुळे हवामानाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी मत दिलं. या बेटांकडे ना मोठं सैन्य ना मोठी बाजारपेठ. जगाच्या एकूण उत्सर्जनात त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. मतं कमी असली तरी एका तोंडाने बोलायचं, एवढीच त्यांची युक्ती. आठ खासदारांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

भारताच्या बाजूनेही याची गरज आहे. एकूण उत्सर्जनात आपण जगात तिसरे आणि दरडोई पाहिलं तर खूप खाली. वाटाघाटीच्या खोलीत कधी एक आकडा पुढे येतो, कधी दुसरा. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत कोळसा ‘बंद करू’ऐवजी ‘कमी करू’ असा शब्द भारताने शेवटच्या घटकेला घालून घेतला, तेव्हा फिजी आणि मार्शल बेटांच्या प्रतिनिधींनी उघड नाराजी व्यक्त केली होती. बेटांना घरी बोलावलं तर हा विषय निघणारच, आणि निघावा. मी तर म्हणतो, त्यांना परळीला न्या. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, कामगार होते, पाणी नव्हतं. कोळशावर आपण का अवलंबून आहोत आणि तो आपल्यालाच कसा महाग पडतो, या दोन्ही गोष्टी परळीच्या फाटकापाशी उभं राहून जितक्या लवकर कळतील तितक्या दिल्लीच्या विज्ञान भवनात कळणार नाहीत.

शेजाऱ्यांशी संबंधांचंही सांगतो. २०२४ च्या जानेवारीत आपल्या लोकांनी समाजमाध्यमांवर मालदीववर बहिष्काराची हाळी दिली होती. तिथल्या सरकारने भारताबरोबरचा सागरी सर्वेक्षणाचा करार पुढे चालू ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पुढे वारं फिरलं, जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला पाहुणे म्हणून गेले. सरकारं येतात-जातात, रुसवे-फुगवे होतात. पाणी मोजणं, वादळाची सूचना देणं, बेटांवरची बंदरं-रुग्णालयं वादळात टिकतील अशी बांधणं ही कामं त्या रुसव्याच्या बाहेर ठेवायची असतील तर त्यांना स्वतंत्र चौकट हवी. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोलाच बेटांसाठी टिकाऊ पायाभूत सुविधांचा ‘आयरिस’ हा उपक्रम सुरू केला आहे. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. म्हणजे पाया घातलेला आहे. वर भिंत चढवायची आहे.

आता परिषद किती मोठी, यावर माझं स्पष्ट मत. संयुक्त राष्ट्रांची मोठी वार्षिक परिषद मराठवाड्याला मागू नका. २०२३ मध्ये दुबईत पंतप्रधानांनी २०२८ ची परिषद भारतात भरवण्याची तयारी दाखवली होती. तो विषय दिल्लीचा. त्या जत्रेला हजारो माणसं येतात. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला खोल्यांचे दर इतके चढले की गरीब आणि बेटांच्या देशांनीच तक्रार केली. शेवटी पाहुण्यांना उतरवायला क्रूझ जहाजं आणावी लागली. आपल्याकडे जहाजही आणता येणार नाही, जायकवाडी कितीही भरलं तरी. आपल्याला पेलेल ती काही शे माणसांची, मंत्री, शास्त्रज्ञ, अभियंते आणि शेतकऱ्यांची बैठक. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या महिला गटाची बैठक संभाजीनगरला झाली, तेवढा अनुभव शहराच्या गाठीशी आहे. त्या वेळी रंगरंगोटीवर जो भर होता, तो मात्र या वेळी नको.

सामायिक यजमानपदाचे नमुने आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या हवामान परिषदेचं अध्यक्षपद फिजीकडे होतं आणि बैठक जर्मनीत बॉनला झाली, कारण एवढ्या माणसांची सोय फिजीत होणं शक्य नव्हतं. ऑस्ट्रेलियाने पॅसिफिक बेटांसोबत २०२६ ची परिषद मागितली होती. शेवटी जागा तुर्कस्तानातलं अंतल्या, वाटाघाटींचं अध्यक्षपद ऑस्ट्रेलियाकडे, आणि आधीची तयारीची बैठक पॅसिफिकमध्ये, अशी विभागणी बेलेमला ठरली. यात ऑस्ट्रेलिया हरला की जिंकला यावर तिथे वाद होत राहतील. मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं, की अध्यक्षाची खुर्ची आणि मांडव एकाच्याच घरी असावा लागत नाही. आपल्या परिषदेची खुर्ची मॉरिशसला किंवा मालदीवला द्या, मांडव आपण घालू.

मॉरिशसचं नाव मी मुद्दाम घेतो. तिथे गिरमिटिया म्हणून उसाच्या मळ्यांत गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पतवंडं आहेत, शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आणि आपल्या बीडमधून आजही दिवाळीनंतर कोयता घेऊन जोडपी बैलगाड्या-ट्रॅक्टरने कारखान्यांवर जातात. ऊस पिकवायला पाणी, तोडायला आपली माणसं आणि साखर दुसऱ्याची, हा इतिहास दोन्हीकडे आहे. यावर एक सत्र ठेवा, आणि त्यात बोलायला साखर संघाचा पदाधिकारी नको, ऊसतोड कामगार महिला हवी. दुभाषा मॉरिशसचाच मिळेल.

पाहुण्यांना फिरवायला आपल्याकडे अजिंठा-वेरूळ आहेच, ते सरकारी कार्यक्रमात आपोआप येईल. माझी विनंती दोन जागांची. एक, शहरातली नहर-ए-अंबरी. गुलाम म्हणून विकला गेलेला, समुद्रापलीकडच्या इथिओपियातून दख्खनेत आलेला मलिक अंबर. त्याने खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि खापरी नळांतून डोंगराचं पाणी गावात आणलं. दुसरी जागा तुळजापूर. आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कित्येक शतकं जगाला कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवच्या किनाऱ्यांवरून होत असे. कुणाच्या माळेतली कवडी कुठली हे कोण सांगणार, पण मालेहून आलेल्या माणसाला आईच्या दारात आपल्या किनाऱ्यावरची वस्तू पुजलेली दिसेल.

परिषद केव्हा? अधिकारी ऑगस्ट-सप्टेंबर सुचवतील. तेव्हा डोंगर हिरवे असतात, म्हैसमाळला धुकं असतं, पाहुणे खूश होऊन जातील. ते टाळा. गुढीपाडव्याच्या आसपास घ्या. तेव्हा टँकर सुरू झालेले असतात, ऊसतोडीची माणसं गावी परतू लागलेली असतात, आणि हवामान बिघडलं तर गारपीटही बघायला मिळते. सभागृहात पाण्याच्या बाटल्या ठेवू नका. ज्या गावाला टँकर जातो त्या गावाच्या टाकीतलं पाणी गाळून ठेवा.

खर्चाचा आक्षेप येणार. परिषदेने एकाही विहिरीला पाणी येत नाही, हे खरंच आहे. संभाजीनगरला मंत्रिमंडळाच्या बैठका झाल्या, हजारो कोटींचे आकडे जाहीर झाले, आपण सगळ्यांनी ते ऐकले. म्हणून या परिषदेतून मी आकडा मागत नाही. तीन कागद मागतो: समुद्र निरीक्षणाचा सामायिक करार, माले आणि लातूरच्या पाणीपुरवठा यंत्रणांमधला अभियंत्यांच्या देवाणघेवाणीचा करार, आणि हानीच्या निधीपुढे बेटं आणि कोरडवाहू प्रदेश यांचा एकत्र प्रस्ताव. कागद झाले नाहीत तर परिषद फसली, असं आपणच जाहीर करायचं.

तारांकित प्रश्नाला पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, हे आपण जाणता. मसुदा मी खाली लिहून देतो. आपल्यापैकी कुणीही एकाने तो टाकावा, बाकीच्या सातांनी उपप्रश्नांसाठी हात वर करावा:

‘(अ) हिंदी महासागरातील शेजारी द्वीपराष्ट्रांसमवेत संयुक्त यजमानपदाने हवामान परिषद भरवण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय? (ब) असल्यास, देशांतर्गत दुष्काळप्रवण प्रदेशात ती भरवण्याचा विचार शासन करील काय? (क) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?’

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक,
कळंब, जि. धाराशिव